ग्रेसचे मार्क नकोत

मंडळी, कलावंताच्या शेवटच्या कामाबद्दल बोलताना लोक दोनपैकी एक गोष्ट हमखास करतात. ते खपलं नसेल तर 'संपली होती हो बाई' म्हणून मोकळे होतात. नाहीतर, ती आता या जगात नाही म्हणून हळहळत ते डोक्यावर घेतात. दोन्हींत ते काम नीट ऐकायचं मात्र राहूनच जातं!

डस्टी स्प्रिंगफील्ड या इंग्लिश गायिकेचं असंच झालं आहे, असं माझं मत. हल्ली नातीच्या कृपेनं तिची गाणी माझ्या फोनमध्ये आहेत. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. इंग्रजी गाण्याचे शब्द मला दोन-तीनदा ऐकल्यावर कळतात, पण आवाज पहिल्यांदाच कळतो.

१९३९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या गोऱ्या मुलीनं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत मनापासून आपलंसं केलं. ते नुसतं गळ्यापुरतं नव्हतं. १९६४ साली दक्षिण आफ्रिकेत, गोरे-काळे वेगळे बसवलेल्या श्रोत्यांपुढे गायला तिनं नकार दिला आणि तिला तो देश सोडावा लागला.

१९६९ चा 'डस्टी इन मेम्फिस' हा आज तिचा सर्वोत्तम अल्बम मानतात. तेव्हा अमेरिकेच्या यादीत तो ९९ व्या क्रमांकापुढे सरकला नाही. २०२० मध्ये त्याच अल्बमला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत मानाचं स्थान दिलं. म्हणजे बाजारानं नापास केलेली उत्तरपत्रिका पन्नास वर्षांनी पहिल्या वर्गात! मधल्या काळात तिचं नाव जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. १९८७ साली पेट शॉप बॉईज या जोडीबरोबरच्या नाचाच्या ठेक्यावरल्या गाण्यानं तिला पुन्हा वर आणलं.

आणि मग शेवटचा अल्बम, 'अ व्हेरी फाइन लव्ह'. तो नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याच सुमारास, १९९४ साली, तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि अल्बम लांबला. १९९५ मध्ये तो आला, ब्रिटनच्या यादीत ४३ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि विसरलाही गेला.

आता कोणी म्हणेल, मेम्फिससारखाच हाही न ओळखलेला हिरा असणार. मला तसं वाटत नाही. यातली निम्मी गाणी साधारण आहेत. वाद्यमेळ इतका गुळगुळीत की कुठे बोट अडकत नाही. पण 'रोल अवे' ऐका. 'व्हेअर इज अ वुमन टू गो' ऐका. इथे आवाज खाली उतरलाय, थोडा खरखरीत झालाय. तरुणपणी ती जिथे जोर लावायची, तिथे आता नुसती थांबते, आणि ते थांबणं काळजाला भिडतं. हे तिच्या आजारपणाचं कौतुक नव्हे. आहे तेवढ्या आवाजात काय मावतं हे ओळखून गाणं, ही कमावलेली समज आहे. विशीत ती येत नाही.

२ मार्च १९९९ ला ती गेली, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना. त्यामुळे तर या अल्बमवर लिहिणाऱ्यांचा गळा आधीच दाटतो.

शाळेत असताना काठावरच्या मुलांना ग्रेसचे मार्क देताना मला कधी वाईट वाटलं नाही. पण आमच्या वयाच्या माणसांना ते नकोत. 'या वयातही किती छान!' हे वाक्य माझ्या सत्तरीनंतर मी फार ऐकलंय. त्यात कौतुक कमी आणि सूट जास्त असते. म्हातारपणी केलेल्या कामालाही तोच लाल पेन लावा. चुकलं तिथे खूण करा आणि बरोबर आहे तिथे पूर्ण गुण द्या. त्यातच आमचा मान आहे.

मी तरी या अल्बमला शंभरातले साठ देईन. त्या दोन गाण्यांना मात्र पैकीच्या पैकी!

तुम्ही ऐकून किती देता, कळवा.