फेज टू म्हणजे काय रे भाऊ?

शनिवारी सकाळी धंतोलीत जाग येते ती अँब्युलन्सच्या सायरनने. या भागात घरं कमी अन् दवाखाने जास्त, त्यामुळे सवय झालीय. चहा घेऊन लॅपटॉप उघडला तर एक मेल. चार वर्षांपूर्वी एका गेमला आगाऊ पैसे दिले होते, त्याचा सव्विसावा अपडेट. नवे नकाशे, नवी शस्त्रं, नवं संगीत, कुणाच्या तरी मांजराचा फोटो... आणि अगदी खाली, अकराव्या परिच्छेदात एक ओळ. एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायची सोय या आवृत्तीत नसेल.

मी पैसे दिले होते ते नेमके त्यासाठी. नवीन नोकरीतले अडीच हजार रुपये. लहानपणी मी आणि दादा एका कीबोर्डवर खेळायचो. बाणांच्या कीज त्याच्या, डावीकडच्या माझ्या, आणि हरलो की भांडण आईकडे. आता तो पुण्याला असतो, दिवाळीत चार दिवस येतो. गेम आला की त्या चार दिवसांत खेळायचा, असं ठरलं होतं.

असो. फीचर कापलं याचा राग नाही हो. मी पण सॉफ्टवेअरच बनवतो. स्क्रीन दोन भागांत वाटायची म्हणजे तेच जग दोन कॅमेऱ्यांतून दोनदा काढायचं, प्रत्येक मेनू दोघांसाठी नव्याने मांडायचा, टेस्टिंग दुप्पट. चार-पाच जणांच्या टीमला हे झेपलं नाही तर नवल नाही. माझा राग आहे तो अकराव्या परिच्छेदावर.

या धंद्यात एक गंमत आहे. क्राउडफंडिंग म्हणजे आपली गणपतीची वर्गणीच. पैसे देणारा ना धड गिऱ्हाईक, ना धड भागीदार. दुकानात वस्तू खराब निघाली तर परत करता येते. शेअर घेतला तर निदान ताळेबंद मिळतो. इथे मिळतो तो फक्त शब्द. किकस्टार्टरच्या २०१४ पासूनच्या नियमांत लिहिलंय की काम पुरं होत नसेल तर पैसे कुठे गेले, काय झालं, काय अडलं हे निर्मात्याने सांगावं. पण अख्खा प्रकल्प बुडाला तर! गेम आला आणि त्यातला एक तुकडा गळाला, तर त्याचं काय, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवायचं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'एलिट: डेंजरस'चं. केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीने २०१२च्या शेवटी किकस्टार्टरवर पैसे मागितले, साडेबारा लाख पौंडांचं उद्दिष्ट, जमले त्याहून जास्त. मोहीम चालू असतानाच इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येईल असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला महिना राहिला असताना, न्यूजलेटरमध्ये कळलं की ते रद्द. कारण खरं तर पटण्यासारखं होतं. अख्खी आकाशगंगा सर्व्हरवर चालणार, ती तोडली तर उरेल ते निर्जीव. पण हे काय नोव्हेंबरमध्येच समजलं होतं का? कोड लिहिणाऱ्याला हे किती आधी कळतं ते मला विचारा! वर ज्यांनी आधीच अल्फा-बीटा खेळून पाहिला होता त्यांना सुरुवातीला परतावाही नाकारला. आम्हाला हे अवघड जातंय, हे आधी सांगायला हवं होतं, असं डेव्हिड ब्रेबेनने नंतर मान्य केलं. नंतर.

याउलट टिम शेफरच्या डबल फाइनने २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागून तेहतीस लाखांच्या वर मिळवले आणि २०१३च्या जुलैमध्ये वर्गणीदारांना सरळ लिहिलं की आम्ही गेम फार मोठा रचला, पैसे पुरणार नाहीत, म्हणून दोन भाग करतोय. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग २०१४च्या जानेवारीत आला, दुसरा २०१५च्या एप्रिलमध्ये. लोक चिडले, शिव्या खाल्ल्याच त्यांनी. पण शिव्या देताना लोकांना माहीत होतं की नेमक्या कशाबद्दल देतोय. शिवाय सगळं काम कॅमेऱ्यासमोर, माहितीपटात दिसत होतं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'चं. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही. तिथे पूर्ण रक्कम जमली नाही तर कुणाचाच पैसा कापला जात नाही, त्यामुळे डोक्यावर वर्गणीदार नाहीत. गेम २०२० मध्ये आला. सुंदर आहे, पण शेवट एकदम तुटल्यासारखा, असं बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं आणि मलाही तसंच वाटलं. चुटपुट लागली, फसवल्यासारखं मात्र वाटलं नाही. आधी कुणी मला काही कबूल केलं नव्हतं ना!

मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काऊन बे, एवढा तापून राहिला? मार्चमधल्या त्या मेलमध्ये तू काय लिहिलं होतं?"

गप्पच बसलो. मार्चमध्ये आमच्या टीमला एका क्लायंटचा रिपोर्ट वेळेत जमणार नव्हता. जानेवारीतच कळलं होतं. मी लिहिलं, "सदर सुविधा फेज टूमध्ये विचारात घेतली जाईल." तेही चांगल्या बातम्या संपल्यावर, खाली. फेज टूचं बजेट नव्हतं, फेज टूच नव्हता. वरिष्ठांनी वाक्य छान आहे म्हणून कौतुकही केलं :)

आमच्या बिल्डिंगमधले काका गेल्या गणपतीत ऑर्केस्ट्रा रद्द झाला तेव्हा पंधरा दिवस आधी दारोदार फिरले होते. "बेटा, पैसे कमी पडून राहिले, ऑर्केस्ट्रा नाही होत. तुझे दोनशे परत देऊ का महाप्रसादात टाकू?" मी जिन्यात उभा राहून महाप्रसाद म्हटलं. काकांना प्रत्येक मजल्यावर बोलणी बसली, तरी ते पाचव्यापर्यंत चढले. लिफ्ट बंद होती.

दादाला अजून सांगितलेलं नाही. रात्री फोन करतो. क्लायंटचा मेल सोमवारी.