मानधनापुरती मैत्रीण?

आपल्या बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालात तिचा फोटो असतो. स्वतः मारहाणीतून बाहेर पडलेली आणि आता वस्तीतल्या दुसरीला आधार देणारी बाई. प्रकल्पाच्या कागदात ती ‘पीअर वर्कर’ असते, वस्तीत नुसती ‘ताई’. रात्री अकराला दार वाजतं ते तिचं. चौकीत सोबत जाते ती तीच. पण पुढच्या तीन वर्षांचं काम ठरवायला विश्वस्त बसतात, तेव्हा ती कुठे असते? बहुधा बाहेर, चहाचं बघत.

मी एम.एस.डब्ल्यू. आहे, म्हणून मला पगार. तिला मानधन. मानधन म्हणजे ना रजा, ना भविष्यनिर्वाह निधी, ना बढती. मान किती आणि धन किती, हे एकदा आपणच मोजून पाहावं.

राजस्थान सरकारचा महिला विकास कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला, तो गावोगावच्या साथिनींच्या जिवावर. भंवरीदेवी त्यांतलीच एक. नेमून दिलेलं बालविवाह रोखण्याचं काम तिने केलं आणि १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, देशभरच्या नोकरदार स्त्रियांना त्याचा आधार मिळाला. धोका तळातल्या बाईने पत्करायचा आणि धोरण वर ठरायचं, या रचनेची किंमत कोण मोजतं ते इथे दिसतं.

उलट उदाहरणंही आहेत. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ मध्ये एड्सप्रतिबंधाचं काम वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच हाताशी धरून सुरू झालं. १९९५ मध्ये त्यांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली आणि १९९९ मध्ये प्रकल्पाचा कारभारच तिने हाती घेतला. आपल्या सांगलीत ‘संग्राम’चं काम १९९२ चं, त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद आकाराला आली. दोन्हीकडे त्यांची स्वतःची संघटना झाली, म्हणून शब्दाला वजन आलं. दहा शिकलेल्यांत एकटी बसवलेली बाई मान डोलावून परत येते. पाठीशी पंचवीसजणी असल्या की तीच बाई प्रश्न विचारते.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिलं, या कार्यकर्त्यांची स्वतःची मासिक बैठक हवी, आम्हा पगारदारांविना. दुसरं, विश्वस्त मंडळावर त्यांनी निवडलेल्या किमान दोघी हव्यात, संचालकांनी पसंत केलेल्या नव्हेत. घटनेत मानधन घेणारीला विश्वस्त होता येत नसेल, तर निदान अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार असलेली समिती हवी, आणि तो अधिकार लेखी हवा. तिसरं, कागदपत्रं मराठीत, आठ दिवस आधी मिळावीत. बैठकीमुळे बुडणारी रोजी भरून द्यावी. चौथं, नेमणूकपत्र, पगार, आणि समन्वयकपदासाठी पदवीच्या जागी अनुभव ग्राह्य धरावा.

‘त्यांना हिशेब कळत नाही,’ असं म्हणतात. बचतगटाची वही वर्षानुवर्षं कोण ठेवतं? ‘त्या गुपितं पाळत नाहीत.’ एकाच गल्लीत राहून तिने पोटात ठेवलेल्या गोष्टी आपल्या फायलींत मावणार नाहीत. एक शंका मात्र खरी आहे: खुर्चीत बसलेली ती वस्तीची राहील का? त्यावर उपाय मुदतीचा. दोन वर्षांनी दुसरी निवडावी, आणि जिला पाठवलं तिने परत येऊन बैठकीत जाब द्यावा. हा नियम खरं तर सगळ्याच विश्वस्तांना लावायला हरकत नाही.

यात माझ्यासारख्यांचं काही जाईल. आज माझा अहवाल म्हणजेच वस्तीचा आवाज समजला जातो. उद्या वस्ती माझ्यासमोरच तो खोडून काढेल. ते सोसायची तयारी ठेवू या. पुरुषांनी आपल्या वतीने बोलू नये, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो. आता तोच न्याय आपल्या कार्यालयात लावायचा आहे. पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीपासून सुरुवात करू या.