सोळात दोन आणि सोळात सहा : घरातली 'केमिस्ट्री' ठरवतं कोण?

6 ऑक्टोबर 2024 च्या रात्री 'बिग बॉस मराठी'चा पाचवा हंगाम संपला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे त्या रात्री फटाके वाजले. लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरपलेला, शाळा अर्धवट सुटलेला, मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे नाव झालेला हा मुलगा. आमच्या पोरांना वाटलं, आपल्यातलाच कुणी जिंकला.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत वाद रंगला. एक जण म्हणाला, "सहानुभूतीवर जिंकला. खेळला कुठे?" त्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली, "सुरुवातीला त्याला कुणी आपल्या गटात तरी धरलं का?" तिचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. अशा कार्यक्रमांत कोणाचं कोणाशी जमलं, याला 'केमिस्ट्री' म्हणतात. जणू ती स्वभावाची गोष्ट आहे. पण कोणाचं कोणाशी जमणार, हे पुष्कळदा घराचं दार उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण अमेरिकेत सापडतं. 'बिग ब्रदर' हा मूळ कार्यक्रम 1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. आपला 'बिग बॉस' हे त्याचंच भारतीय रूप. अमेरिकी आवृत्ती 2000 पासून चालू आहे. तिथे प्रेक्षकांच्या मतांवर कोणी घराबाहेर जात नाही. घरातले स्पर्धकच एकमेकांना मत देऊन बाहेर काढतात आणि शेवटी बाहेर गेलेल्यांतलेच काही जण विजेता निवडतात. म्हणजे बहुमत ज्यांचं, घर त्यांचं.

2019 च्या हंगामात सोळा स्पर्धकांत कृष्णवर्णीय होते दोन. सर्वात आधी घराबाहेर पडलेले तिघे कोण? एक कृष्णवर्णीय तरुण, त्यानंतर बांगलादेशी वंशाचा एक तरुण, त्यानंतर एक कृष्णवर्णीय तरुणी.  कदाचित एकेकाच्या मनात द्वेष नसेलही. पण पहिल्या दोन दिवसांत माणूस आपल्यासारखं बोलणाऱ्या, आपल्यासारखं खाणाऱ्या, आपल्या विनोदावर हसणाऱ्या माणसाजवळ बसतो. बहुसंख्याकांना असे दहा जण मिळतात. एकट्याला कुणी मिळत नाही. मग गट पडतात आणि बाहेर कोण जाणार हे उघडच असतं.

रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1977 साली कंपन्यांमधल्या स्त्रियांचा अभ्यास करून हेच मांडलं होतं. एखाद्या गटाचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल, तर त्यातला माणूस माणूस राहत नाही, नमुना होतो. त्याची चूक साऱ्या समूहाची चूक ठरते. प्रमाण पस्तीस टक्क्यांपर्यंत गेलं की त्यांना आपसात बोलता येतं, एकमेकांना आधार देता येतो, वातावरण बदलू लागतं. सोळात दोन म्हणजे साडेबारा टक्के.

नोव्हेंबर 2020 मध्ये सीबीएस या वाहिनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून रिअ‍ॅलिटी शोमधले निम्मे स्पर्धक गोऱ्यांव्यतिरिक्त इतर समूहांतले असतील. 2021 च्या 'बिग ब्रदर'मध्ये सोळात सहा कृष्णवर्णीय आले. साडेसदतीस टक्के. त्या सहा जणांनी 'कुकआउट' नावाची गुप्त आघाडी केली. तोवरच्या बावीस नेहमीच्या हंगामांत एकही कृष्णवर्णीय विजेता झाला नव्हता, तो या वेळी करायचाच, हा ठराव. टिफनी मिचेल या स्पर्धकाने त्यासाठी युक्ती काढली. प्रत्येकाने आघाडीबाहेरच्या एकाशी जवळीक ठेवायची, म्हणजे सहा जण एकत्र आहेत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. शेवटचे सहा तेच उरले आणि झेवियर प्रॅथर नऊ विरुद्ध शून्य मतांनी जिंकला.

यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्या सहा जणांचं आपसात फार सख्य नव्हतं. कुरबुरी होत्या, रुसवेफुगवे होते. केमिस्ट्री नव्हती, करार होता. आणि सहाच उरल्यावर सर्वात आधी बाहेर गेली ती युक्ती काढणारी टिफनीच. एकीची किंमतही असते आणि ती बहुधा ज्याने एकी बांधली तोच मोजतो. चळवळीत वावरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

'हा उलटा वर्णद्वेष नाही का?' असा सवाल तेव्हा झाला. वीस वर्षं एका रंगाच्या लोकांनी आघाड्या केल्या तेव्हा तो 'खेळ' होता. दुसऱ्यांनी एकदा केली तेव्हा ते 'राजकारण' झालं. हा सूर आपल्या कानांना नवा नाही.

आता आपल्याकडे या. इथे नाव घरातले सुचवतात, पण वाचवतो प्रेक्षक. म्हणून घरात एकटा पडलेलाही बाहेरच्या मतांवर टिकू शकतो. सूरज टिकला तो असा. पण प्रेक्षकाचं मत मिळवायला त्याला प्रेक्षकाला आवडेल असंच राहावं लागतं. भोळा, गरीब, हात जोडणारा. तोच मुलगा डावपेच करू लागला असता, उलट बोलला असता, तर मतं तितकीच पडली असती का? राखीव जागेवर निवडून यायला इतरांची मतं लागतात तेव्हा उमेदवाराला काय काय गिळावं लागतं, हे 1932 च्या पुणे करारापासून आपण पाहत आलो आहोत. टीव्हीचं घर आणि संसद यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण सर्वांना आवडणारा प्रतिनिधी आणि आपला प्रतिनिधी, यांतला फरक दोन्हीकडे सारखाच आहे.

शिवाय आपल्या वाहिन्या विविधता मोजतात ती प्रदेशाने आणि पेशाने. एक कोकणातली, एक कोल्हापूरचा, एक गायक, एक परदेशी, एक खेड्यातला. जात मोजायची नाही, असा अलिखित नियम. ती मग बोलीतून, 'लायकी' या शब्दातून, कोणाला शिकवायचं आणि कोणाची कीव करायची यातून घरात येते. जिचं नावच घ्यायचं नाही, तिचा हिशेब मागणार कसा?

आम्ही त्या मुलीला एवढंच सांगितलं. सूरज जिंकला याचा आनंद मानू या. पण एकाच्या विजयाने घर बदलत नाही, घरातल्या प्रमाणाने बदलतं. कॉलेजची स्नेहसंमेलन समिती असो, सोसायटीची कमिटी असो, कार्यालयातलं पथक असो, आधी मोजायला शिका. आपण किती आहोत? एकटे असू, तर दुसरा आत कसा येईल ते आधी पाहा. आणि आपल्या समित्यांत बाया किती आहेत, हेही त्याच बोटांवर मोजा.

तिने लगेच अभ्यासिकेची कमिटी मोजली. अकरात एकच मुलगी, ती स्वतः. पुढच्या बैठकीत तो विषय आहे.