पेशंटची इंग्रजी कोण शिकवणार?

ब्रिटनला जायच्या तयारीत असलेल्या नर्स मिरजेत संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात. वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या मुली. औषधं, आजार, अवयव, सगळं इंग्रजीतूनच शिकलेल्या. तिथे नर्स म्हणून नोंदणी करायला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ओईटीच्या श्रवणाच्या पहिल्या भागात पेशंटचं बोलणं ऐकून टिपण पुरं करायचं असतं आणि नेमकं तिथेच अडतं. ‘व्हॉमिटिंग’, ‘नॉशिया’ त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. रेकॉर्डिंगमधली बाई मात्र म्हणते, ‘आय थ्रू अप ट्वाइस लास्ट नाइट.’ पेन थांबतं. ‘मॅडम, काय फेकलं तिने?’

पेशंट पुस्तकी बोलत नाही. आपलाही म्हणतो, ‘ओकारी झाली’, ‘भोवळ आली’. तिकडच्या माणसाच्या अंगावर पुरळ उठलं तर तो ‘केम आउट इन अ रॅश’ म्हणतो, गोळीचा असर ओसरला की ‘वेअर ऑफ’, जुनं दुखणं उसळलं की ‘फ्लेअर अप’, शुद्धीवर आला की ‘कम राउंड’. ‘पास आउट’कडे तर मी मुलींचं लक्ष मुद्दाम वेधते. आपल्याकडे कॉलेजातून ‘पास आउट’ होतात. तिकडे बाथरूममध्ये ‘पास आउट’ झालेला माणूस बेशुद्ध पडलेला असतो. आणि ‘पास अवे’ झाला असेल, तर तो गेलेला असतो. शेवटच्या एवढ्याशा शब्दाने केवढा फरक पडतो!

हे आपल्याला का येत नाही? मुलींच्या बुद्धीचा यात काही दोष नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून तिथल्या दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच-लॅटिन वळणाची होत गेली. घरात, शेतात मात्र ‘गेट’, ‘पुट’, ‘कम’, ‘गो’ ही जुनी छोटी क्रियापदंच राबत राहिली आणि त्यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडून लोकांनी हजारो अर्थ काढले. यांनाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. परक्या माणसाला ही सर्वांत जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरीतून आणि कोर्टातून. माजघरातली इंग्रजी आपल्या कानावर पडलीच नाही. म्हणून आपण ‘पोस्टपोन’ म्हणतो, ‘टॉलरेट’ म्हणतो; ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ तोंडात येत नाहीत.

खरं तर मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘औषध पिऊन टाक’ म्हटल्यावर कोणी कुठे टाकू म्हणून विचारत नाही. ‘टाक’ने काम पुरं झाल्याचा अर्थ येतो. ‘ड्रिंक इट अप’मधला ‘अप’ तेच करतो. इतकं सांगितलं की मुलींचे चेहरे खुलतात. शाळेत हे कोणीच सांगितलेलं नसतं. तिथे यादी असते, उजवीकडे अर्थ असतो, जोड्या लावायच्या असतात.

जोड्या लावून जागा कळत नाही, जोर कळत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही एक बँडेज घेऊन बसलो. ‘टेक ऑफ द बँडेज’ चालतं, ‘टेक द बँडेज ऑफ’ही चालतं. पण बँडेजचं ‘इट’ झालं की ते मधेच बसतं: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ कोणी म्हणत नाही. बोलताना जोर ‘ऑफ’वर. उलट ‘लुक आफ्टर हर’ तोडताच येत नाही. मुली एकमेकींच्या हाताला बँडेज बांधत होत्या, सोडत होत्या आणि मोठ्याने बोलत होत्या. तासाभरात तोंडात बसलं. नंतर ‘रोल अप युवर स्लीव्ह’, ‘ब्रीद इन’, ‘ब्रीद आउट’. वहीत नियम एकही उतरवला नाही.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीतलं मूल सर्वांत आधी ऐकतं ते ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘कम इन’. म्हणजे सुरुवात बरोबर होते! मुलं ते ऐकून, उठून, बसून शिकतात. अर्थ विचारतसुद्धा नाहीत. पुढे हीच पद्धत आपण सोडून का देतो, याचा मला मनापासून राग येतो. वरच्या वर्गांत प्रसंग घ्यावेत: घर आवरणं, गाडी पकडणं, दवाखान्यात जाणं. एका प्रसंगाला चार-पाच क्रियापदं पुरेत. दहावीच्या इंग्रजीला तोंडी परीक्षेचे गुण असतात. तिथे पाठ केलेलं भाषण म्हणून घेण्याऐवजी मुलाच्या हातात एखादी वस्तू द्यावी आणि तिचं काय करायचं ते शेजारच्या मुलाला इंग्रजीत सांगायला लावावं. त्याला नवं पुस्तक लागत नाही, जास्तीचा तासही लागत नाही.