गाडीतला ॲम्प्लिफायर आणि फ्यूजची जागा

नवी गाडी घरी आली, की पहिल्या लांबच्या प्रवासातच एक तक्रार सुरू होते. वेग वाढला, काच जरा खाली केली, की गाणे नीट ऐकू येत नाही. आवाज वाढवावा तर तो फाटतो. कंपनीच्या साध्या सेटला १२ व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येक स्पीकरला खऱ्या अर्थाने सुमारे १५ ते २० वॅटच देता येतात. मग बाजारातून वेगळा ॲम्प्लिफायर आणून बसवला जातो. यात गैर काही नाही. मात्र हे काम जितके आवाजाचे, तितकेच विजेचे आहे.

त्यासाठी सेट बदलावा लागत नाही. ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प्लिफायर घ्या. सेटकडून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी त्याला थेट जोडता येतात. तशी सोय नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावावा लागतो. सेटकडून येणारी स्पीकरची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नका, सेट जळू शकतो. मूळ वायरी कापण्यापेक्षा आपल्या मॉडेलचा कपलर वापरलेला बरा. वॉरंटीबद्दल शोरूममध्ये आधीच विचारून घ्या.

खरी काळजी घ्यायची ती जाड लाल वायरीची. २०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे २५ अँपिअर ओढतो. सेटमागच्या बारीक वायरीला हे ओझे पेलत नाही. म्हणून बॅटरीपासून डिकीपर्यंत स्वतंत्र वायर न्यावी लागते. वाटेत ती इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रॉमेट नसेल, तर रोजच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड वायरीचे वेष्टन कापते. आतली तार बॉडीला लागली, की बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात, वायर लाल होते आणि गाडी पेट घेऊ शकते.

‘पण ॲम्प्लिफायरला फ्यूज असतोच ना?’ असे पुष्कळ जण विचारतात. असतो, पण तो ॲम्प्लिफायरपुरता. बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर राहते. म्हणून दुसरा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत हवा आणि तो वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. स्वस्त वायरीत पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तार खरवडून पांढरी दिसली, तर ती घेऊ नका.

आणखी काही गोष्टी:

• काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

• अर्थची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा.

• रिमोट वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर घ्या, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

• पॉवरची आणि आवाजाची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. इंजिनाबरोबर वाढणारी शिट्टी टळते.

‘झालं काम, साहेब,’ असे इलेक्ट्रिशियनने सांगितले, की गाणे लावण्याआधी बॉनेट उघडा आणि बॅटरीपासून लाल वायरीचा माग काढा. दीड फुटाच्या आत फ्यूज दिसला नाही, तर काम अजून झालेले नाही.