त्या बसमध्ये आपण कुठे बसतो?

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एक ठराव झाला. कागदावर लिहिलेला नव्हे, चहा पिता पिता झालेला. यापुढे महिन्याच्या कार्यक्रमात चित्रपट किंवा मालिकेचा भाग दाखवायचा, पण नंतरची चर्चा बंद. का? तर चर्चेत 'वातावरण बिघडतं'. मी त्या बैठकीला होते. हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. घरी आल्यावर झोप लागेना. तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. गटातल्या मैत्रिणी हा अंक वाचतात, त्यांनी रागवावं, पण उत्तर द्यावं.

वातावरण बिघडलं ते एका विज्ञानकथेच्या मालिकेमुळे, हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही. आमच्यातली एक कॉलेजातली मुलगी 'डॉक्टर हू' या इंग्रजी मालिकेची वेडी आहे. १९६३ पासून ब्रिटनमध्ये चालत आलेली ही मालिका. निळ्या खोक्यातून काळाच्या पुढेमागे फिरणारा एक डॉक्टर असतो, तो रूप बदलत राहतो आणि २०१८ साली तो पहिल्यांदा बाई झाला. (त्यावरूनच तिथल्या कितीतरी पुरुष चाहत्यांना झिणझिण्या आल्या होत्या!) त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला 'रोझा' नावाचा भाग तिने आणला. मैत्रिणीच्या घरी भिंतीला चादर लावली, प्रोजेक्टर उसना आणला. मिरकरवाड्याच्या, पावसच्या रस्त्यावरच्या गावांतल्या आणि शहरातल्या मिळून तीसेक जणी जमलो. मुलगी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होती.

गोष्ट अशी. डॉक्टर आणि तिचे तीन सोबती १९५५ च्या अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात उतरतात. सोबत्यांत रायन हा काळा तरुण, त्याच्या आजीचा गोरा नवरा ग्रॅहम आणि यास्मिन ही मूळ पाकिस्तानी घराण्यातली, शेफिल्डला वाढलेली पोलीस मुलगी. एका गोऱ्या बाईचा हातमोजा पडतो, रायन तो उचलून द्यायला जातो आणि तिच्या नवऱ्याची थप्पड खातो. इथेच आमच्याकडची खोली गप्प झाली. भविष्यातून आलेला एक वर्णद्वेष्टा त्या शहरात आहे. त्याला कोणाला मारायचं नाहीये. रोझा पार्क्स १ डिसेंबरला त्या बसमध्ये बसून राहते आणि उठायला नकार देते, ते घडू नये एवढंच त्याला हवंय. ड्रायव्हर बदल, बस चुकव, प्रवासी कमी कर, असल्या बारीक खटपटी तो करतो. इतिहास पुसायला बंदूक लागत नाही, हे या भागाने छान दाखवलंय.

तिथे या भागाचं कौतुक झालं तसाच संतापही झाला. 'आम्ही करमणुकीसाठी बघतो, शाळा कशाला?', 'यात राजकारण घुसवलं', 'आता असं काही राहिलेलं नाही, जुनं उकरायचं कशाला?' ही वाक्यं आमच्या मुलीने भाषांतर करून सांगितली तेव्हा हसूच आलं. करमणूक आणि राजकारण या मालिकेत पहिल्यापासून एकत्रच नांदत आले आहेत. पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही बाई. पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौला जन्मलेला. पहिल्याच वर्षी आलेले खलनायक म्हणजे 'डालेक', आपल्याहून वेगळा तो मारून टाकावा असं मानणारे. नाझींची सावली त्यांच्यावर स्पष्ट आहे. वंशशुद्धीचं वेड पत्र्याच्या डब्यात बंद होतं तोवर चाहत्यांना त्यात राजकारण दिसलं नाही. तेच वेड माणसाच्या तोंडाने, बसच्या ड्रायव्हरच्या, हॉटेलातल्या वाढपी बाईच्या तोंडाने बोललं की मात्र शिकवणी झाली!

पण माझं भांडण त्या चाहत्यांशी नाही. त्यांचं ते बघून घेतील. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण तर तो भाग बघून डोळे पुसले. 'काय बाई, तिकडे किती वाईट होतं!' असं दोघीतिघी म्हणाल्या. मीही त्यातली एक.

तिकडे! या एका शब्दावर मला थांबायचं आहे. जोतीराव फुल्यांना १८७३ साली 'तिकडे' असं वाटलं नाही. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. ज्यांना लागलं त्यांना ते शेजारचंच दुःख वाटलं. आपल्याला मात्र ते दूर ठेवायला बरं पडतं.

आता इकडचं बघू. सोनी मराठीवर २०२० साली 'सावित्रीजोती' ही मालिका आली. पोशाखी, जरीच्या साड्यांतल्या सासूसुनांच्या गर्दीत एक चांगली, अभ्यास करून केलेली मालिका. त्याच वर्षाच्या अखेरीस ती गुंडाळावी लागली, कारण प्रेक्षकसंख्या नाही! तिच्यावर कोणी बंदी घातली नाही, मोर्चा नेला नाही. आपण नुसतं बघितलं नाही. आमच्या गटातल्या किती जणी ती रोज बघत होत्या? मी आठवड्यातून एखादा भाग बघत असे, आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायला सर्वांत पुढे. रोझासाठी डोळे भरून येतात आणि सावित्रीसाठी चॅनेल बदलतं, हे कसं?

आणि २०२५ चा 'फुले' चित्रपट? ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. झलक दिसली आणि काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले आणि चित्रपट आला २५ एप्रिलला. ते बदल एकदा नीट वाचा. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, 'कित्येक वर्षांची' म्हणा. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदला, त्याऐवजी सावित्रीबाईंवर शेण फेकणारी मुलं दाखवा. म्हणजे बघा हं, बाईवर शेण फेकलेलं चालतं! ती सोशिक बाई सगळ्यांना प्रिय आहे. ती कशासाठी सोसत होती, कोणाच्या मुलींना शिकवत होती आणि शेण फेकणारे कोण होते, हे विचारायचं नाही.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. त्याचं नावच मुळी 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. हे शब्द काढले तर त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या निबंधाला नुसतं 'दुःखाविषयी' म्हणायचं का? कोणाचं दुःख ते विचारू नये! त्या मालिकेतल्या खलनायकाला काळाच्या यंत्रातून यावं लागलं. आपल्याकडे एक कात्री पुरते.

भविष्यकाळाची गोष्ट सांगितली तरी सुटका नाही. २०१९ मध्ये 'लैला' ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. उद्याच्या भारतात वस्त्या भिंतींनी तोडलेल्या, पाणी विकत, वेगळ्या धर्मात लग्न केलेल्या बाईला 'शुद्धी'साठी डांबून ठेवलेलं आणि तिची मुलगी हिरावून घेतलेली. त्यावर धर्माची बदनामी केली म्हणून गदारोळ झाला, मुंबईत पोलिसांत तक्रारही गेली. लग्नासाठी बाईला कोंडणं ही कल्पना कोणाला अचाट वाटली, त्यांनी आपल्या गटाच्या कपाटातल्या फायली उघडून बघाव्यात.

आता त्या संध्याकाळबद्दल. भाग संपल्यावर मिरकरवाड्याच्या तरुण मैत्रिणीने विचारलं, "पण ती यास्मिन, ती कुठे बसली? पुढे की मागे?" फार चांगला प्रश्न. त्या भागात यास्मिनलाही तो पडतो. ती गोरी नाही, पण तिथल्या पाटीवर लिहिलेली काळीही नाही. हॉटेलात तिला मेक्सिकन समजून हाकलतात, बसमध्ये मात्र पुढे बसता येतं. आपल्या लोकांनी या प्रश्नाचं उत्तर एकदा कोर्टात दिलेलं आहे. भगतसिंग थिंड नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागताना सांगितलं, की मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून मी गोराच धरावा. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. ज्या दारावर वर्णद्वेषाची पाटी होती ती काढा असं ते म्हणाले नाहीत. जात दाखवून आत घ्या म्हणाले. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसं विधेयक राज्यपालांनी नाकारलं, आणि त्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत आपलेच लोक पुढे होते. आपली भाचे-पुतणे मंडळी तिकडे आहेत. ती रंगावरून झालेल्या अपमानाचं फोनवर सांगतात. जातीचं कोणी सांगत नाही, आपण विचारतही नाही.

यास्मिनवरून हसतखेळत बोलणं चाललं होतं. मग अंगणवाडीत मदतनीस असलेली, बौद्धवाडीतली आमची जुनी मैत्रीण बोलली. ती मला 'बाई' म्हणते, कारण मी तिच्या मुलाला शाळेत शिकवलं. म्हणाली, "बाई, त्या रोझासाठी तुम्ही डोळे पुसलेत, बरं वाटलं. पण वीस वर्षं बचत गटासाठी आमच्या वाडीवर येता. एकदा तरी चहा घेतलात?"

मी आठवू लागले. प्रत्येक वेळी मी म्हणाले होते, "नको गं, आत्ताच घेतला." अगदी मनापासून म्हणत होते. मला वाटायचं, यांना कशाला खर्चात पाडायचं! वीस वर्षं मला हे कारण पुरलं. शेजारच्या वाडीत मात्र मी पोहेसुद्धा खाल्ले होते.

लगेच कोणीतरी म्हणालं, "अगं, आता कुठे राहिलंय असलं काही? उगाच विषय कशाला काढायचा?" तेच वाक्य, ज्याला दहा मिनिटांपूर्वी आपण हसलो होतो. फक्त आता ते मराठीत होतं. एक जण उठून निघून गेली, दुसरीने प्रोजेक्टर बंद केला. हे बिघडलेलं वातावरण! आणि त्यावर उपाय काय, तर चर्चा बंद. चहाचा विषय काढणारी चुकली, चहा टाळणारी नाही.

त्या भागावर माझीही तक्रार आहे, ती सांगून टाकते. बघणाऱ्याला वाटतं, एक थकलेली शिंपीण बाई एका संध्याकाळी बसून राहिली आणि जग बदललं. एक बस चुकली असती तर सगळंच चुकलं असतं! खरी रोझा काळ्यांच्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेची चिटणीस होती. १९४४ मध्ये रेसी टेलर या बाईवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीला संघटनेने रोझाला पाठवलं होतं. १९४३ मध्ये याच ड्रायव्हरने तिला बसमधून उतरवलं होतं. तिच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्व्हिन ही पंधरा वर्षांची मुलगी अशीच बसून राहिली आणि पकडली गेली. तिला पुढाऱ्यांनी पुढे केलं नाही. वयाने लहान, घरची गरीब, पुढे गरोदर राहिली. 'योग्य' बाई नव्हती! हे आपल्या चळवळीला नवीन नाही. कोणत्या पीडित बाईचा फोटो पोस्टरवर शोभेल, हे आपणही ठरवत आलो आहोत. आणि रोझाला अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने जागून हजारो पत्रकं छापली, बायकांच्या संघटनेने ती वाटली, म्हणून तो बहिष्कार उभा राहिला. ३८१ दिवस चालला. गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बायका पायी गेल्या.

असं असलं तरी त्या भागातलं एक दृश्य मी विसरू शकत नाही. शेवटी बस भरावी लागते, म्हणजे गोऱ्यांच्या जागा संपतील आणि ड्रायव्हर रोझाला उठ म्हणेल. डॉक्टर आणि ग्रॅहम उतरायला निघतात आणि त्यांच्या लक्षात येतं, आपण उतरलो तर जागा मोकळी होईल. त्यांना बसून राहावं लागतं. चांगली माणसं, तिच्या बाजूची माणसं, पण त्या क्षणी ज्यांच्यासाठी तिला उठवलं जातंय ती माणसं. ग्रॅहमचा चेहरा बघवत नाही. आम्ही रडलो ते रोझासाठी, असं आम्हाला वाटलं. मला आता वाटतं, आमच्यातल्या बऱ्याच जणींची जागा त्या ग्रॅहमच्या शेजारी होती, आणि ते कोणी बोलून दाखवलेलं आम्हाला नको होतं.

दापोलीजवळचं वणंद हे रमाबाई आंबेडकरांचं गाव. वडील बंदरावरून माशांच्या टोपल्या वाहत. आपल्या जिल्ह्यातली बाई, आपल्याच समुद्राची. आमच्या गटाने आजवर तिच्यावर एकही कार्यक्रम केलेला नाही. 'तो त्यांचा कार्यक्रम' असं आपण धरून चाललो. मी या वेळी विषय म्हणून रमाबाईंचं नाव देणार आहे, आणि चर्चा ठेवावीच असं लेखी मागणार आहे. जिला उठून जायचं तिने जावं, पण परत यावं.

पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी आहे. ती बौद्धवाडीत घ्यावी असं मी सुचवलंय, अजून तीनच जणींनी हो म्हटलंय. चादर आणि प्रोजेक्टर मी आणते. चहा वाडीतल्या बायका करणार आहेत, तसा त्यांचा निरोप आला आहे.