मी पुढे पाठवलेलं विश्व

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जांभळ्या धाग्यांचं अथांग जाळं, गाठीगाठींवर उजेड, आणि आपण त्यातून उडत चाललोय असा भास. खाली लिहिलं होतं, ‘नासाच्या कॅमेऱ्याने टिपलेलं विश्व’. मी ‘सुब्हानल्लाह’ लिहिलं आणि दहा जणांना पाठवून दिलं. तासाभरात भाच्याचा फोन. ‘‘मामू, हा फोटो नाही, हिशोब आहे.’’

खरंच होतं ते. तो व्हिडिओ ‘मिलेनियम’ सिम्युलेशनचा होता. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जर्मनीतल्या गार्चिंगच्या महासंगणकावर शास्त्रज्ञांनी एक काल्पनिक घनाकृती खोका घेतला, बाजू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून मोठी. त्यात १,००० कोटींहून अधिक कण ठेवले आणि गुरुत्वाकर्षणाने ते कसे गोळा होतात, ते मोजलं. हे कण कृष्णद्रव्याचे, म्हणजे मुळात न दिसणाऱ्या पदार्थाचे. तो जांभळा रंग माणसाने निवडलेला.

मग चित्र खोटं का? मुळीच नाही. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिला वळसा घालून पलीकडून बघणं कुणाला शक्य आहे? दोन दीर्घिकांची टक्कर कोट्यवधी वर्षं चालते. आपल्याला तिचा एकच क्षण दिसतो. संगणकात ती टक्कर पुढेमागे करता येते, हवी त्या बाजूने फिरवता येते. १९७२ मध्ये अ‍ॅलर आणि युरी तूमरे या भावांनी हेच केलं. ‘अँटेना’ नावाच्या दोन दीर्घिकांच्या लांब शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने तयार होऊ शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवलं. मात्र आकाशातलं रूप जुळायला नेमक्या कोनातून बघावं लागतं. तो कोनही त्यांनी सांगितला.

इथे मला अब्दुर्रहमान अल-सूफी आठवतात. इ.स. ९६४ च्या सुमाराच्या त्यांच्या ताऱ्यांवरच्या ग्रंथात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं आहेत: एक जमिनीवरून दिसतं तसं, दुसरं खगोलावर, म्हणजे बाहेरून बघितल्यासारखं उलटं. कोणतं चित्र कुठून पाहिलेलं, तेही लिहिलेलं. याच ग्रंथात देवयानीची नोंद ‘छोटा ढग’ अशी आहे.

माझं म्हणणं एवढंच. सिम्युलेशनचं चित्र दाखवताना खाली एक ओळ हवी: हे गणित आहे, रंग आमचे आहेत, काळ वेगाने पळवला आहे. आणि आपण श्रद्धेपोटी काही पुढे पाठवणार असू, तर ती ओळ आपण आधी शोधायला हवी. नाहीतर उद्या पोरांना कळेल की हा फोटो नव्हता, आणि मग ती विज्ञानावरही शंका घेतील आणि आपल्या ‘सुब्हानल्लाह’वरही.

त्या दहा जणांना मी दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवलं. दोघांनीच उत्तर दिलं. व्हिडिओ मात्र अजून फिरतोच आहे.